चुलीपाशी बसलेला राजा

आमच्या डोंगरात राजाचं लेकरू एकट्या राजाचं नसतं. कुणाच्या जिवावर बेतलं, पाठीमागे तलवारी लागल्या, की तो माणूस धावत राजाच्या घरी येतो, राजाचं पोर मांडीवर घेतो आणि चुलीपाशी राखेत बसतो. असा बसला, की त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. राजालाही त्याला नाही म्हणता येत नाही. साध्या घरांतही हाच नियम, फक्त परक्या राजाच्या तावडीतून सुटायचं असेल तर राजाचीच चूल लागते. पोर मांडीवरून उतरलं किंवा माणूस चुलीपासून उठला, की आसरा संपला. रिकाम्या मांडीचा माणूस म्हणजे नुसता पाहुणा, आणि पाहुण्याला दार दाखवता येतं.

म्हणून आल्किमोस राजा झाला तेव्हा लोकांना पहिली काळजी पडली ती त्याच्या लग्नाची. सोळा वर्षांचं पोर ते. बाप हिवाळ्यात तापानं गेला आणि वसंतात याला झ्यूस देवाच्या वेदीपुढे उभं केलं. बैल कापला. आल्किमोसनं शपथ घेतली, की कायद्यानं राज्य करीन. मग लोकांनी शपथ घेतली, की तू कायद्यानं वागशील तोवर तुझं राज्य राखू. आमच्याकडे शपथ दोन्ही बाजूंनी असते. ती संपते न संपते तोच मागून एक म्हातारा ओरडला, "राजे, ते सगळं ठीक, पण आम्ही मांडीवर घ्यायचं कुणाला? बायको आणा लवकर!" सगळी सभा हसली. आल्किमोस कानापर्यंत लाल झाला आणि माझ्याकडे बघू लागला, जशी काही बायको मीच ओच्यात लपवून ठेवली होती.

मी फिलिस्ता, त्याची दाई. त्याला जन्म देताना त्याची आई गेली. माझा सिमोस तेव्हा नुकताच झाला होता, म्हणून मला राजाच्या घरी आणलं. हुकूम स्पष्ट होता: आधी राजाचं पोर, मग उरलं तर माझं. आल्किमोस खादाड. सिमोस शेजारी टोपलीत रडून रडून निळा व्हायचा आणि हे महाराज डोळे मिटून ओढत बसायचे. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. माझं उलटंच झालं होतं. दोघं मोठे झाल्यावर मी ही गोष्ट हसत हसत सांगायचे. सिमोसही हसायचा. आल्किमोस हसत नसे. "मग सिमोसला काय मिळायचं, माय?" असं तो दर वेळी विचारायचा. मी म्हणायचे, "धपाटे!" तरी त्याचं समाधान व्हायचं नाही.

लोकांसमोर मी त्याला 'राजे' म्हणायचे, घरात 'गाढवा'. राजा झाल्यावर पहिले काही महिने तो सकाळी न्याय करायला बसायचा आणि दुपारी माझ्यापाशी येऊन विचारायचा, "माय, बरोबर केलं का गं?" कुणाची मेंढी कुणाच्या कळपात गेली, कुणी कुणाच्या झऱ्यात चामडं धुतलं, असलीच भांडणं. मी सांगायचे, "तुझ्या आजोबांनी त्या दोघांनाही बडवलं असतं." तो म्हणायचा, "म्हणून तर मला विचारावं लागतं, दोघांतलं खरं कोण ते." असा तो होता. मला वाटायचं, एवढा विचार करणारा राजा आमच्या राकट लोकांना झेपेल का.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, जवाच्या कापणीच्या दिवसांत माझी सून क्लेया मला भेटायला राजाच्या घरी आली. सोबत तिचं तान्हं, माझा पहिला नातू मिक्को. अजून मान धरत नव्हता. मी त्याला तेल लावून चुलीजवळ घोंगडीवर ठेवलं होतं. इतक्यात दारातून एक माणूस आत घुसला. अनवाणी, पाय रक्तानं भरलेले, अंगाला घोड्याचा वास. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यानं मिक्कोला उचललं, मांडीवर घेतलं आणि राखेत फतकल मारली. क्लेयानं किंकाळी फोडली. मी जळतं लाकूड उचललं होतं, पण तो कसा बसलाय ते पाहिलं आणि माझा हात आपोआप खाली आला.

तो लाम्पोन. खालच्या सपाटीच्या राजाकडे घोडे सांभाळणारा, चाळिशीचा, भेदरलेला माणूस. त्या राजाचा मुलगा घोड्यावरून पडून मेला. घोडा सापाला बुजला होता, पण मेलेल्या पोराच्या बापाला साप सापडला नाही. त्यानं घोडा मारला आणि आता लाम्पोनची पाळी होती. त्याच्या मागावरचे स्वार आमच्या वेशीपर्यंत येऊन थांबले होते.

आल्किमोस शेतातून आला तो डोक्यात काड्या अडकलेल्या तशाच. त्याच्या मागोमाग त्याचे काका मेनोन आणि चारदोन जाणती माणसं. मेनोननं चुलीकडे एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हे राजाचं पोर कुठंय? हे दाईच्या सुनेचं!" तो म्हणाला. "नियम लागतच नाही. ऊठ रे बाबा तू."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगते, मीसुद्धा. खालच्या राजाशी वाकडं घ्यायची हौस कुणाला होती? लाम्पोन मात्र उठला नाही. तो मिक्कोच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसला होता आणि मिक्को मजेत हात हलवत होता.

आल्किमोसनं डोक्यातली एक काडी काढून चुलीत टाकली. मग मला म्हणाला, "माय, मी कुणाचं दूध प्यालो?"

"माझं. आणखी कुणाचं?"

"मग सिमोस माझा कोण?"

"दूधभाऊ."

"आणि त्याचं पोर माझं कोण?"

मी मिक्कोकडे पाहिलं. आल्किमोस खाली वाकला आणि लाम्पोनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे माझंच लेकरू आहे. तू माझ्या चुलीपाशी बसलास. तुला कुणी नेणार नाही."

"बाळा," मेनोन म्हणाला, "ताणलं की तुटतं."

"काका, तुम्ही या जागी असता तर उठवलं असतं त्याला?"

"मी या जागी नाही ना," मेनोन म्हणाला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी लोकांनी राजाच्या अंगणात नाच केला. "राजा असावा तर असा!" म्हणाले. सिमोसनं तर मिक्कोला खांद्यावर घेऊन सगळ्या गावाला दाखवलं: राजपुत्र बघा आमचा! आल्किमोसनं लाम्पोनला पश्चिमेच्या खिंडीतून समुद्राकडे पाठवून दिलं आणि तिथून तो कुठल्याशा जहाजात चढला. झालं ते झालं, असं आम्हाला वाटलं.

पण आमच्या डोंगरात सगळं पिकतं, मीठ पिकत नाही. ते खालून येतं, खालच्या राजाच्या मिठागरांतून, खेचरांवर लादून. त्यानं ती वाट बंद केली. उन्हाळा घरातल्या रांजणांवर निघाला. रांजण खरवडून झाल्यावर शरद आला, आणि शरदात आमच्याकडे हिवाळ्याचं चीज मुरवायचं असतं, मांस खारवायचं असतं. चीजला किडे पडले. डुक्कर मारलं ते कुजलं. मेंढ्या वेड्यासारख्या भिंती चाटायच्या. कळपात गेलं, की माणसांचे तळहात चाटायच्या, घामासाठी. गाभण मेंढ्या गाभ टाकायला लागल्या. सिमोसच्या कळपातल्या कितीतरी गेल्या.

आणि मग तोंडं सुटली. झऱ्यावर बायका अळणी मसूर थुंकून म्हणायच्या, "राजाचं तत्त्व घाला गं चिमूटभर, चव येईल." पुरुष म्हणायचे, "पाहुणा समुद्रापार मासे खातोय आणि आम्ही भिंती चाटतोय." नाचलेली माणसंच होती ती. माझ्यासमोरही बोलायची. मी एकीच्या घागरीत थुंकले होते, ते मला अजूनही योग्यच वाटतं.

आल्किमोसनं काय केलं नाही? स्वतःच्या कोठारातलं मीठ वाटून टाकलं. खाली दूत पाठवले, बापाची शस्त्रं देऊ केली, घोडे देऊ केले. खालच्या राजाचं उत्तर एकच: ज्यानं माझ्या मुलाचा मारेकरी पळवला, त्याला माझ्याकडे पाठवा. मग वाट उघडेन.

पहिला बर्फ पडायच्या सुमारास सभा भरली. मी तिथे नव्हते. मिक्कोला जुलाब लागले होते, म्हणून मी सिमोसच्या घरी येऊन राहिले होते. त्याचं पोट आटोक्यात आलं होतं, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं आणि दुधाशिवाय काही टिकत नव्हतं. सभेत मेनोन गोड बोलला, असं मला शेजाऱ्यांनी सांगितलं. म्हणाला, पोरगा चांगला आहे, मनानं सोनं आहे, पण शपथ कायद्याची होती, आणि कायदा राजाच्या लेकराचा होता, दाईच्या नातवाचा नव्हता. राजानं आधी शपथ मोडली, तेव्हा आपल्यावरची शपथ सुटली. लोकांना हेच हवं होतं. स्वतःच्या तोंडानं 'आम्हाला मीठ हवंय' म्हणायची लाज वाटत होती, मेनोननं त्यांना कायदा दिला. मग राजाला खाली पाठवायला जे तयार, त्यांना त्यानं हात वर करायला सांगितले.

माझ्या सिमोसनं हात वर केला. हे मला शेजाऱ्यांनी नाही सांगितलं. हे मला आल्किमोसनं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी क्लेया झऱ्यावर गेली होती आणि सिमोस घरी आलाच नव्हता. मागच्या दारातून आल्किमोस आत आला. झग्याला गुडघ्यापर्यंत बर्फ चिकटलेला, ओठ काळेनिळे. रात्री सभेतून निसटून पश्चिमेची खिंड गाठायला निघाला होता, पण खिंड बर्फानं बुजली होती. मी त्याचे हात माझ्या काखेत घेतले, लहानपणी घ्यायचे तसे.

"सिमोसनं हात वर केला, माय. मी पाहिलं," तो म्हणाला. रागानं नाही, एखादी बातमी सांगावी तसं.

"आणि तरी त्याच्याच घरी आलास? गाढवा!"

"मग कुठं जाऊ? दुसरं घर कुठंय मला?"

तेव्हा मला अंगणाबाहेर माणसांचा आवाज आला. बर्फात पावलं उमटलेलीच होती, शोधायला काय लागतं? मी मिक्कोला घोंगडीवरून उचललं. आल्किमोस मागे सरकला. "नको, माय. तो आजारी आहे."

"बस खाली," मी म्हटलं. "राजा असशील बाहेर. बस म्हणते ना!"

तो राखेत बसला आणि मी माझ्या हातानं माझा नातू त्याच्या मांडीवर ठेवला. त्याला पोर नीट धरताही येत नव्हतं. मी त्याचं कोपर वळवून मिक्कोचं डोकं त्यावर टेकवलं. माझ्या दुधावर वाढलेला तो आणि माझ्या रक्ताचा हा, दोघं एकाच चुलीपाशी. दार उघडलं तेव्हा मी कमरेवर हात ठेवून मध्ये उभी होते.

मेनोन उंबऱ्यावर थांबला. मागे वीसेक माणसं, त्यांत माझा सिमोस, मान खाली घातलेला. मेनोननं चुलीकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बसलास होय," तो म्हणाला.

"बसलोय, काका."

"बरं केलंस. नियम तो नियम. या घरात कुणी पाऊल टाकणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. "फिलिस्ता, आम्ही काही राक्षस नाही. तो उठेपर्यंत आम्ही बाहेर थांबू."

"थांबा की," मी म्हटलं. "चांगले गोठून मरा."

ते हसले. मीही मनात हसले, मूर्ख बाई. घरात लाकडं होती, पाणी होतं, जवाची भाकरी होती. मला वाटलं, दोन दिवसांत वारा सुटेल, खिंड मोकळी होईल, यांना कंटाळा येईल. तेवढ्यात क्लेया झऱ्यावरून परत आली. घागर टाकून दाराकडे धावली, आणि मेनोननं नुसता हात आडवा केला.

"तू कुठं?"

"पोराला पाजायचंय."

"पाज की. पोराला बाहेर आण म्हणावं त्याला."

मला कळायला क्षण लागला. मिक्को मांडीवरून उतरला, की आल्किमोसचा आसरा संपला. आणि क्लेयाला आत जाऊ द्यायचं नाही, असं मेनोननं ठरवलं होतं.

"लाज वाटते का रे?" मी ओरडले. "आईला अडवतोस? हा कुठला कायदा?"

"कायद्यात चुलीला हात लावू नये असं आहे," मेनोन शांतपणे म्हणाला. "पोराला लावू नये, शरणागताला लावू नये. आईचं नाव मी तरी कधी ऐकलं नाही. सिमोस, तुझी बायको आहे, तूच धर. परक्यानं धरलेलं बरं दिसत नाही."

आणि सिमोसनं तिला धरलं. दोन्ही मनगटं. क्लेया त्याला लाथा मारत होती, शिव्या देत होती, चावत होती. तो जमिनीकडे बघत उभा होता. शेळ्यासुद्धा त्यांनी आवाराबाहेर नेऊन बांधल्या. मी दुधासाठी भांडं घेऊन बाहेर निघाले, तर म्हणाले, जा म्हातारे, पण मग परत आत येता येणार नाही. मी आत राहिले.

मिक्को आधी कुरकुरला, मग रडायला लागला. मी फडकं मधाच्या पाण्यात बुडवून त्याच्या तोंडाशी धरलं. त्यानं ते चोखलं, थुंकलं आणि दुप्पट जोरानं रडला. आल्किमोस त्याला हलवत होता, डोलवत होता, कळप हाकताना म्हणतात ती गाणी म्हणत होता, कारण त्याला दुसरी येत नव्हती. बाहेर प्रत्येक रडण्यासरशी क्लेया ओरडायची. दुपारी दाराच्या फटीतून मी पाहिलं, तिच्या अंगरख्याची पुढची बाजू भिजली होती. पोराचा आवाज ऐकून दूध येत होतं आणि बर्फावर सांडत होतं.

"सिमोस!" मी हाक मारली. "अरे, तुझं पोर आहे ते!"

"मग त्याला सांग ना उठायला!" सिमोस ओरडला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून शब्द फुटला होता. "नेहमी मलाच का सांगतेस? तेव्हाही मीच रडायचो ना? तूच सांगायचीस, हसत हसत! त्याला आधी पाज, सिमोसला मागाहून! आताही त्याच्यासाठी माझंच पोर उपाशी ठेवतेस!"

मी दार लावून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता.

आल्किमोसनं सगळं ऐकलं होतं. तो मिक्कोच्या तोंडाकडे बघत होता.

"माय, किती वेळ काढेल हा?"

"पोरं रडतात. रडून कुणी मरत नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगते. सिमोस नाही का जगला?"

मी खोटं बोलत होते आणि ते त्याला कळत होतं. धडधाकट पोर दिवसभर ओरडेल, पण मिक्को नुकता आजारातून उठलेला. त्याची टाळू खोल गेली होती. त्याचा आवाज आधी घोगरा झाला, मग बारीक. आणि ऊन छपरावरून उतरायच्या सुमारास तो गप्प झाला. डोळे अर्धे उघडे, पण रडत नव्हता. बाहेर क्लेयाही एकदम थांबली.

"झोपला," मी म्हटलं.

आल्किमोसनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. मिक्कोनं ते चोखलं नाही.

"झोपला नाही, माय."

"बसून राहा. माझी शपथ आहे तुला! अंधार पडला की यांचे पाय गोठतील. मी मधाचं पाणी परत देते, थोडं थोडं घेईल तो. ऐक माझं. तू उठलास तर ते तुला खाली नेतील. त्या माणसाचा मुलगा मेलाय, तो तुला सोडायचा नाही. ऐकतोस ना, आल्क्या?"

त्याला आल्क्या म्हणून मी कितीतरी वर्षांत हाक मारली नव्हती. तो माझ्याकडे बघून हसला, आणि मला कळलं, की हा उठणार. मी त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. दाईनं राजाचे गुडघे धरले, चुलीपाशी. मीसुद्धा शरण आले होते, पण माझी मांडी रिकामी होती.

"सिमोसला काय मिळायचं, असं मी विचारायचो ना," तो म्हणाला. "तू धपाटे म्हणायचीस. मला रात्री झोप लागायची नाही, माय. वाटायचं, मी मोठा झालो की त्याला काहीतरी देईन. मग राजा झालो आणि त्याच्या मेंढ्याच मारल्या."

"मेंढ्या गेल्या चुलीत! तू कुणाला मारलं नाहीस. तू एक माणूस वाचवलास."

"हो. तो वाचला ना?" त्यानं असं विचारलं, की जणू मीच समुद्रापार जाऊन बघून आले होते. "लाम्पोन वाचला असेल ना?"

"वाचला," मी म्हटलं. "मासे खातोय."

मग त्यानं माझे हात अलगद सोडवले आणि उठला. पाय बधिर झाले होते, एकदा तोल गेला, पण पोराला त्यानं घट्ट धरलं होतं. दार मी उघडलं नाही, ते त्यानंच कोपरानं उघडलं. बाहेर सगळे उभे राहिले. तो मेनोनकडे गेला नाही, सरळ सिमोसपुढे जाऊन थांबला.

"हात सोड तिचे," तो म्हणाला. "दूध सांडतंय."

सिमोसनं हात सोडले. क्लेयानं मिक्कोला ओढून घेतलं आणि तिथेच बर्फात बसून त्याला छातीशी लावलं. कितीतरी वेळ तो तोंड उघडेना. सगळी माणसं, मेनोनसुद्धा, श्वास रोखून बघत होती. मग त्यानं गिळलं. तो आवाज मी ओळखते. आयुष्यभर तोच आवाज ऐकत मी जगले आहे.

आल्किमोसनंही तो ऐकला. मग त्यानं मेनोनपुढे दोन्ही हात केले. त्याला घेऊन गेले तेव्हा त्याच्या झग्यावर मागच्या बाजूला चुलीची राख तशीच होती. मी झटकायला धावले, पण मला पोचू दिलं नाही.

खाली त्याचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. थोड्या दिवसांनी घंटा वाजवत खेचरं आली, पाठीवर पोती. मीठ आलं, म्हणजे कळलंच.

गावानं आधी मेंढ्यांना चाटवलं, मग स्वतः खाल्लं. वसंतात मेनोननं वेदीपुढे शपथ घेतली आणि लोकांनीही घेतली, आवाज न चढवता. मेनोनला तीन पोरं आहेत. पण त्याच्या चुलीपाशी अजून कुणी जाऊन बसलेलं नाही. आमच्या लोकांत तेवढी अक्कल आहे.

मी सिमोसच्याच घरी राहते. जाणार कुठं? खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, आणि ते मीठ कशाचं आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मी माझा मसूर वेगळा काढते आणि अळणी खाते. सिमोस एकदा म्हणाला, "आई, मी तिला फक्त धरलं होतं. ओढलं नव्हतं." मी त्याला वाढलं. क्लेया त्याच्याशी बोलते, पण त्याला मनगटाला हात लावू देत नाही.

मिक्को आता चालतो. गुटगुटीत झाला आहे आणि कुणी चुलीपाशी बसलं, की दुडूदुडू जाऊन त्याच्या मांडीत बसतो. शेजारी आला तरी, फेरीवाला आला तरी. संध्याकाळी सिमोस कळप घेऊन येतो, हात शेकायला बसतो आणि हा जाऊन त्याच्या मांडीवर चढतो. मग सिमोस हलत नाही. मिक्कोला झोप लागते, चूल विझत येते, सिमोसचे पाय बधिर होतात, मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पोर आपणहून उतरेपर्यंत तो तसाच बसून राहतो. मी त्याची आई आहे. मी त्याला ऊठ म्हणू शकते. मी म्हणत नाही.